दोन फोनांच्या मधली दहा मिनिटं

स्वभावानं मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेरचे म्हणायचे, सासरचे म्हणतात, आणि मिस्त्री तोंडानं म्हणत नसले तरी त्यांच्या भुवया म्हणतात. मिस्त्री म्हणजे माझा नवरा. लग्नाआधीपासून सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात, मग मीही तेच उचललं. ते लिफ्ट दुरुस्त करतात, मी फोनवर बसते आणि माझी भाची कॉम्प्युटर सांभाळते. झाली आमची कंपनी. एक्केचाळीस इमारतींच्या लिफ्ट आमच्याकडे आहेत. खोली एक, टेबलं दोन, भिंतीवर मशीनरूमच्या चाव्यांचा फळा. दोन फिटर आहेत, पण ते वंगण घालणार, दिवे बदलणार. मोटर आणि ब्रेकला हात लावायचा तो मिस्त्रींनी. ते गेले तर दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप.

संशयाचं म्हणाल तर तो मला उगाच चिकटलेला नाही. धंदा नवा होता तेव्हा एका वॉचमननं मला शब्द दिला होता, बाई, लिफ्ट बंद पडली की लगेच फोन करतो. पडली. एक म्हातारे गृहस्थ आत तीन तास अडकले. वॉचमनला वाटलं सेक्रेटरीनं फोन केला असेल, सेक्रेटरीला वाटलं वॉचमननं केला असेल, आणि मी इथं खुशाल टेबल पुसत बसले होते, कारण फोन वाजला नाही म्हणजे सगळं ठीक. त्या दिवशी मी कानाला खडा लावला. कुणी आपणहून सांगेल यावर विश्वास ठेवायचा नाही. रोज सकाळी प्रत्येक इमारतीला फोन लावायचा आणि विचारायचं, लिफ्ट चालू आहे ना? अठरा वर्षं विचारतेय. वॉचमन लोक माझ्या आवाजाला कंटाळले, पण नंतर कुणी तीन तास अडकलं नाही.

मिस्त्रींनाही विचारते, खोटं कशाला बोलू. नऊला, अकराला, एकला, तीनला, पाचला. कुठे आहात, झालं का, ठीक ना? ते म्हणतात, हो, ठीक. एवढ्यावर माझा जीव भांड्यात पडतो तो पुढच्या फोनपर्यंत.

मग भाची आली. हुशार पोरगी, पण चहा कपात तसाच गार करणारी. तिनं प्रत्येक मशीनरूममध्ये हाताएवढी एक पेटी बसवून घेतली. लिफ्टचं काय चाललंय ते ती पेटी बनवणाऱ्या कंपनीला कळवते, आणि आमचा कॉम्प्युटर दर पंधरा मिनिटांनी त्या कंपनीच्या कॉम्प्युटरला विचारतो, एक नंबर ठीक? दोन नंबर ठीक? स्क्रीनवर एक्केचाळीस हिरवे ठिपके. याला पोलिंग म्हणतात, असं ती म्हणाली. मी म्हटलं, म्हणू दे काहीही, माझंच काम आहे हे, फक्त पगार न घेणारं. मला ते फार आवडलं.

पेटीवाल्यांना मात्र आवडलं नाही. या महिन्याच्या सुरुवातीला त्यांचा मेल आला. तुम्ही फार विचारता, आमच्या यंत्रणेवर भार येतो, यापुढं तासाला एकदाच विचारा, नाहीतर वेबहुक घ्या. महिनाअखेरपर्यंत काय ते कळवा. वेबहुक म्हणजे काय, तर आपण विचारायचंच नाही. आपला एक पत्ता त्यांच्याकडे देऊन ठेवायचा. काही झालं की ते त्या पत्त्यावर आपणहून कळवतील. काही झालं नाही तर गप्प.

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. गप्प म्हणजे काय? सगळं ठीक आहे म्हणून गप्प, की सांगणाराच मेलाय म्हणून गप्प? दोन्ही गप्प सारखेच ऐकू येतात. मी भाचीला तीन तास अडकलेल्या म्हाताऱ्यांची गोष्ट पुन्हा सांगितली. तिला ती पाठ होती. ती म्हणाली, आपण महिनाभर दोन्ही शेजारी शेजारी चालवून बघू, मावशी, मग तू ठरव. मी म्हटलं, चालव, पण मी डोळ्यांत तेल घालून बघणार आहे.

माझ्या डोळ्यांना त्या दिवसांत आणखीही काही दिसत होतं. मिस्त्री बदलले होते. जन्मभर बटणांचे शर्ट घालणारा माणूस एकाएकी डोक्यातून घालायचे टी-शर्ट घालायला लागला, तेही नवे. जेवताना गप्प. आणि शेजारीण एकदा जिन्यात सांगून गेली, तुमच्या ह्यांना त्या मोठ्या लिफ्ट कंपनीच्या काचेच्या ऑफिसात शिरताना पाहिलं हो, एकदम नीटनेटके होते. ही मोठी कंपनी आमच्यासारख्या चार छोट्यांना गिळून बसलेली, आणि चांगले मिस्त्री पळवण्यात पटाईत. मी सुतावरून स्वर्ग गाठणारी बाई आहे, पण इथं सूत चांगलं जाडजूड होतं. मी मिस्त्रींना काही बोलले नाही. फोन मात्र पाचाचे सात केले.

दहा दिवसांनी भाचीनं स्क्रीनवर दोन रकाने काढून दाखवले. डावीकडे आपण विचारून कळलेलं, उजवीकडे त्यांनी आपणहून कळवलेलं. बहुतेक ओळी जुळत होत्या. पण उजवीकडे तीन ओळी जास्तीच्या होत्या. नदीकडची नऊ मजली इमारत. लिफ्ट थांबली, तीन वाजून तीन मिनिटं. सुरू झाली, तीन वाजून तेरा मिनिटं. मग तीन दिवसांनी पुन्हा तेच, मग पुन्हा.

मला आनंद झाला, खरंच सांगते. म्हटलं, बघ, तुझा वेबहुक खोटारडा आहे. न झालेलं सांगतो. डावीकडे त्या दिवशी सगळं हिरवं आहे.

भाचीनं पेटीची आतली नोंद काढली आणि मान हलवली. "मावशी, खोटं कुणीच बोललेलं नाही. आपण तीनला विचारलं, लिफ्ट चालू होती. सव्वातीनला विचारलं, चालू होती. मधली दहा मिनिटं आपण विचारलंच नाही."

कितीदा विचारलं तरी मधे जागा राहतेच, असं काहीतरी ती पुढं म्हणाली. माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी कामाची वही उघडली होती. त्या तिन्ही दिवशी नऊ मजलीला मिस्त्री गेले होते. तिन्ही दिवशी मी तीनला फोन केला होता आणि ते ठीक म्हणाले होते. पेटीच्या नोंदीत होतं की लिफ्ट आतून कुणीतरी बटण दाबून थांबवली होती, बिघाड नव्हता. दहा मिनिटं. काम असतं तर वहीत लिहिलं असतं. वहीत नुसतं 'तपासणी' लिहिलं होतं, तेही वेडंवाकडं, घाईत लिहिल्यासारखं.

कुठंतरी पाणी मुरत होतं. रात्रभर माझ्या डोक्यात चक्र फिरत राहिलं. नऊ मजलीत चौथ्या मजल्यावर एक बाई एकटीच राहते, तक्रारीचा फोन नेहमी तिचाच असतो, आवाज गोड आहे. किंवा मोठ्या कंपनीचा माणूस तिथं भेटायला येत असेल, बंद लिफ्टइतकी आडोशाची जागा दुसरी कुठली? दोन्हींपैकी काय बरं, ते मला ठरवता येईना. बाई असेल तर घर जाईल, कंपनी असेल तर कंपनी जाईल. आणि आमच्यात ती दोन वेगळी नाहीतच.

शुक्रवारी मिस्त्रींचं पुन्हा नऊ मजलीला काम होतं. मी भाचीला दात दुखतोय म्हणून सांगितलं आणि अडीचलाच निघाले. इमारतीच्या कोपऱ्यावर उभं राहून बरोबर तीनला फोन लावला. कुठे आहात? नऊ मजलीला. ठीक ना? हो, ठीक. मी फोन ठेवला आणि आत शिरले.

वॉचमननं मला अठरा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं, पण तोंड उघडताच ओळखलं. "अच्छा, त्या तुम्ही," असं म्हणाला, आणि ते 'त्या' मला काही आवडलं नाही. मिस्त्री वर आहेत, दहा मिनिटांत लिफ्ट सुरू करतो म्हणालेत, असं त्यानं सांगितलं. मी जिना धरला. चौथ्या मजल्यावर धापा टाकत पोचते तोच गोड आवाजाच्या बाईंचं दार उघडलं. ऐंशीच्या पुढच्या बाई, हातात काठी, आणि मला बघताच त्यांनी लिफ्टबद्दल तक्रार सुरू केली. एक शंका तिथंच गळून पडली. उरली ती जास्त वाईट होती.

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे थांबलेली होती. दाराच्या फटीला मी कान लावला. बोलण्याचा आवाज नाही. कसलाच आवाज नाही. मी फोन लावून पाहिला, तर हा क्रमांक संपर्क क्षेत्राबाहेर आहे. ऐंशीच्या बाई माझ्याकडे बघत होत्या, चोर सापडल्यासारखं. मी तशीच उभी राहिले.

तीन-तेराला लिफ्ट हलली आणि चौथ्यावर येऊन दार उघडलं. आत मिस्त्री एकटेच. हत्यारांच्या पेटीवर बसलेले, मांडीवर सुतळीचा एक तुकडा. मला बघून त्यांनी तो घाईघाईनं खिशात कोंबला. पंचवीस वर्षांच्या संसारात मी त्यांच्या चेहऱ्यावर तसली शरम पाहिली नव्हती.

"काय करताय इथं?" मी विचारलं.

त्यांनी खिशावर हात दाबून धरला. मग म्हणाले, "बसतो. इथं तुझा फोन लागत नाही."

कुणी थोबाडीत दिली असती तरी परवडलं असतं. ज्या आवाजानं एक्केचाळीस इमारती सुरळीत चालतात, त्या आवाजापासून दहा मिनिटं सुटायला माझा नवरा स्वतःला लिफ्टच्या पेटीत कोंडून घेत होता. मला रडू यायला हवं होतं, पण माझं सगळं आधी रागावरच जातं. मी म्हटलं, आणि काचेच्या ऑफिसात गेला होतात, तिथंही माझा फोन लागत नाही म्हणून का?

त्यांनी मान खाली घातली. "गेलो होतो," म्हणाले. हत्यारांची पेटी उचलून ते जिन्यानं वर मशीनरूमकडे गेले.

मी ऑफिसात आले ती तावातावानं. भाचीला सांगितलं, बंद कर ते विचारणं. सगळं बंद. ज्याला सांगायचं त्यानं सांगावं, नाही सांगायचं त्यानं गप्प राहावं. तिनं दोनदा विचारलं, नक्की ना? मग तिनं एक सुचवलं. एखादा निरोप वाटेत हरवू शकतो, म्हणून दिवसातून एकदा सकाळी सगळ्यांना विचारून घ्यायचं, बाकी दिवसभर फक्त ऐकायचं. मी म्हटलं, कर तसं. तिनं त्याच संध्याकाळी पेटीवाल्यांना कळवलं, आम्ही वेबहुकच घेतोय. आणि मी मनाशी ठरवलं की मिस्त्रींनाही सकाळी निघताना एकदा विचारायचं, त्यानंतर नाही. हे शहाणपण होतं असं कुणी समजू नये. निव्वळ अढी होती. बघू किती सुख लागतंय तुम्हाला, हा भाव होता.

पहिला दिवस फार वाईट गेला. अकराला हात फोनकडे गेला, एकला गेला, तीनला तर मी हातावर बसले. स्क्रीनही मुकी. मी दर दोन मिनिटांनी भाचीला विचारत होते, चालू आहे ना गं ते? ती म्हणाली, मावशी, आता तूच पोलिंग करतेयस. दुपारी शाळेजवळच्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडली, तर चार सेकंदांत निरोप आला. वॉचमनचा फोन त्यानंतर सात मिनिटांनी. फिटर तोवर वाटेला लागला होता. मान्य करायला हवं, म्हणून मान्य करते.

मिस्त्रींकडून मात्र काही आलं नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. घरी येत, जेवत, ताट विसळून ठेवत. मी विचारायचं नाही म्हणून ओठ आवळून बसलेली, ते नेहमीसारखेच गप्प. मी मनात त्यांचा राजीनामा लिहून काढला. नवी कंपनी, नवा गणवेश, आणि मी इकडे चाव्यांच्या फळ्याखाली एकटी. बरं झालं, असंही म्हणून पाहिलं. जमलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला फोन वाजला. मिस्त्रींचा. माझ्या तोंडाशी आलं होतं, कुठे आहात, झालं का, ठीक ना. मी जीभ चावली.

"ऐकतेस?" ते म्हणाले.

मी नुसतं हं म्हटलं.

मग ते बोलले. सलग. आम्ही एकत्र राहतो तेव्हापासून ते एका दमात इतकं कधी बोलले नव्हते. उजव्या हाताची दोन बोटं चार महिने बधिर आहेत. आधी वाटलं थंडीनं, मग वाटलं जाईल. जाईना. लिफ्टमध्ये बसून ते सुतळीला गाठी मारायचे, आज जमतात का बघायला. कधी जमायच्या, कधी नाही. बाहेर कुणी बघेल, आणि मधेच माझा फोन आला की ठीक म्हणावं लागेल, म्हणून आत. आणि आज आत्ता, नऊ मजलीच्या आठव्या मजल्यावर, मोठा पाना हातातून सुटला आणि थेट खाली लिफ्टच्या खड्ड्यात गेला. खाली कुणी नव्हतं. फिटर दोन मिनिटांपूर्वीच खालून वर आला होता.

"तू ठीक ना विचारायचीस, मी ठीक म्हणायचो," ते म्हणाले. "त्याला दुसरं उत्तरच नसतं गं. काल-परवा तू विचारलं नाहीस, तर दिवसभर सांगावंसं वाटत होतं."

मी समोरची कामाची वही धप्पकन मिटली. त्यांना वाटलं मी रागावले. म्हणून ते घाईनं काचेच्या ऑफिसचंही सांगायला लागले. ते स्वतःसाठी गेले नव्हते. या हातानं त्यांना कोण घेणार? आमच्या एक्केचाळीस इमारती तुम्ही घ्या, असं सांगायला गेले होते. अट एकच घातली होती. फोनवर बाई आहेत, त्यांना तिथंच ठेवायचं, अठरा वर्षांत त्यांनी कुणाला अडकू दिलेलं नाही.

"मग?" मी विचारलं. सगळ्या बोलण्यात हा एवढाच प्रश्न माझ्या तोंडून निसटला.

"हसले," मिस्त्री म्हणाले. "म्हणे फोनवर बसायला माणूस लागतो कुठे आता. मग मीही उठलो. तुला कसं सांगायचं तेच कळेना."

भाची समोरून माझ्याकडे बघत होती. मी तिला हातानंच खूण केली, फोन तू सांभाळ. पर्स उचलली, चपला घातल्या. डॉक्टरला कधी दाखवलं, काय म्हणाला, आधी का नाही सांगितलं, दुसऱ्या हाताचं काय, फिटरला कळलं का, आता पुढं कसं. असे वीसेक प्रश्न घशाशी येऊन उभे होते.

"पाना राहू दे तिथंच," मी म्हटलं. "तुम्ही पायऱ्यांवर बसा. मी निघाले. फोन ठेवू नका, पण बोललंच पाहिजे असं नाही."

ते बरं म्हणाले. बसमध्ये जागा मिळाली. अर्धा तास लागतो तिथं जायला. मी फोन कानाला धरून बसले होते. पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता, मधेच कुठलंतरी दार वाजलं, कुणीतरी जिन्यानं गेलं. मिस्त्री काही बोलले नाहीत, आणि मी विचारलं नाही.